बारकीच्या अटी

हेदवाडीची बारकी सुईण नावाला बारकी होती, आवाजाला नव्हती. तिनं वाडीत हाक मारली की खाली आंबेशेतात डांबरी रस्त्याला उभी असलेली माणसं मान वर करून बघत, असं सांगतात. वाडी आणि आंबेशेत यांच्यात पाऊण तासाची उतरण आणि एक ओहळ आहे, तेव्हा हे खरं असणं अवघड. पण सांगणारे शपथेवर सांगत.

तिचं वय कुणालाच नक्की माहीत नव्हतं. आधार कार्डावर जन्म एक जानेवारीचा लिहिला होता. तसा तो वाडीतल्या निम्म्या माणसांचा होता, आणि याचा बारकीला फार राग. "हा भात लावणीच्या चिखलात झालेला, तो होळीच्या तोंडावर. माझ्या हातानं काडलेली पोरं हायत. ह्यांना जानेवारीत कुणी घातलं?" असं ती विचारी.

कोण कसा जन्मला हे सगळं तिच्या ध्यानात होतं आणि ती त्याचा वापर भांडणात करी. आंबेशेतचा जीपवाला अनंता एकदा वाडीतल्या बायकांना जीपच्या मागच्या फळीवर बसा म्हणाला, तर सगळ्या सवाऱ्यांसमोर ती म्हणाली, "तू पायाकडून आलेला रे. दोन दिवस तुज्या आयशीला रडवलंस. अजून तुजं उलटंच चाललंय." तेव्हापासून अनंता बारकीला पुढच्या सीटवर बसवी आणि रस्ताभर गप्प राही.

पण एका माणसासमोर मात्र हा उपाय चालत नसे. ती म्हणजे रुपाली, त्या भागाची आशाताई. रुपालीचा जन्म मुरबाडच्या दवाखान्यातला, त्यामुळे बारकीपाशी तिच्याविरुद्ध काही पुरावा नव्हता. रुपाली महिन्यातून दोनदा खांद्याला पिशवी लावून वाडी चढे. गरोदर बायांची नावं लिही, लाल गोळ्या वाटी आणि शेवटी बारकीच्या ओट्यावर येऊन बसे. बारकी तिला कोरा चहा देई. "बाळंतपण दवाखान्यात करा, आजी," हे पालुपद शेवटपर्यंत ऐकून घेई आणि रिकामा कप उचलताना म्हणे, "मी नाय कुणाला पाठवायची." दोन वर्षं हे असं चाललं होतं. दोघींना त्याची इतकी सवय झाली होती, की एखाद्या वेळी रुपाली यायला उशीर झाला तर बारकी ओहळाच्या वाटेकडे बघत बसे.

बारकीच्या या 'नाय'मागचं कारण वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते कुणी बोलत नसे. सतरा वर्षांपूर्वी तिची मुलगी चिमी दुसऱ्या खेपेला अडली. बारकीनं स्वतःच झोळी बांधायला लावली आणि तिला दवाखान्यात नेलं. कुठल्या, ते ती आजही सांगत नाही. तिथं एकीनं बारकीच्या पायांकडे बघितलं, लुगड्याकडे बघितलं आणि "बाहेर बस" म्हणून दार लावून घेतलं. बारकी दाराबाहेर फरशीवर बसून राहिली. आतून चिमीनं दोन वेळा हाक मारली. मग मारली नाही. अंगावरचं रक्त थांबलं नाही, बाळही राहिलं नाही, एवढंच नंतर कुणीतरी येऊन सांगितलं. चिमीची तीन वर्षांची पोर, अंजू, बारकीनंच वाढवली.

आता ती अंजू वीस वर्षांची होती, पहिलटकरीण होती आणि माहेरपणाला आजीकडे आलेली होती. नवरा नामा भिवंडीकडे वीटभट्टीवर. म्हणून रुपालीच्या फेऱ्या महिन्यातून दोनच्या चार झाल्या होत्या, आणि चहाही तेवढ्याच वेळा झाला होता.

पौषात एके सकाळी आंबेशेतची शकुबाई वाडी चढून आली. हे आजवर घडलं नव्हतं. शकुबाईचं घर रस्त्यावरचं, स्लॅबचं, दारात गाडी. मुलगा हितेश कल्याणला कंपनीत. काही काम असलं तर शकुबाई वाडीतल्या माणसाला निरोप धाडून खाली बोलावी. आज ती स्वतः दोनदा बसत, एकदा ओहळात चप्पल भिजवून आली होती.

"बारकीबाय," ती धापा टाकत म्हणाली, "माज्या सुनेचं पोट जरा बगायला चल."

"का गो? कल्याणचा डाक्तर मेला का?"

"तसं नाय. पाच सोनोग्राफ्या झाल्या. ही एवढी जाड फाइल हाय. पन मशीनला काय कळतंय? माजा हितेश तुज्या हातचा. तू एकदा हात लावलास की माजं मन शांत होईल."

या वाक्यानं बारकीला जे समाधान झालं ते तिनं चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. तिनं शकुबाईला अर्धा तास ताटकळत ठेवलं. घरात काहीतरी फार महत्त्वाचं काम असल्यासारखी ती उगाचच मडकी इकडची तिकडं करत राहिली, मग खाली गेली आणि भावनाच्या पोटाला हात लावून म्हणाली, "डोकं खाली हाय. पोर जागेवर हाय." पाच सोनोग्राफ्यांनी हेच सांगितलं होतं. पण शकुबाईला ते आज पटलं.

भावना भिवंडीकडची, शिकलेली, आई नसलेली मुलगी. बाळंतपण सासरीच व्हायचं होतं आणि दिवस जवळ येत होते तशी ती मनातून घाबरली होती. तिनं बारकीचा हात सोडलाच नाही. शेवटी असं ठरलं, की बारकीनंही गाडीतून कल्याणला जायचं. बाळ-बाळंतिणीचं न्हाऊमाखू करायला चार दिवस तिथंच राहायचं. बारकीनं आधी कुरकुर केली, कारण म्हसाची जत्रा त्याच दिवसांत होती आणि तिला नवी घोंगडी घ्यायची होती. "मी घेऊन देईन घोंगडी," शकुबाई म्हणाली. तेव्हा बारकी गाडीत बसली.

कल्याणच्या त्या हॉस्पिटलाचं नाव इंग्रजी होतं, ते बारकीच्या तोंडी कधीच बसलं नाही. ती त्याला 'वर जाणाऱ्या खोलीचा दवाखाना' म्हणे, कारण लिफ्टनं तिला पहिला धक्का दिला होता. दुसरा धक्का दिला काउंटरवरच्या मुलीनं. ती हसून म्हणाली, "आजी, बसा ना." बारकीनं मागे वळून बघितलं, मागे दुसरी आजी नव्हती. "हिचं माज्याकडं काय काम हाय?" तिनं शकुबाईच्या कानात विचारलं. काही काम नव्हतं. समोर मऊ खुर्ची होती. बारकी आधी तिच्यावर बसेना, आणि एकदा बसल्यावर जेवायलाही उठेना.

ती सगळं बघत होती. प्रत्येक खाटेला पडदा होता. डॉक्टरीणबाई आल्या की पडदा आधी ओढून घेत आणि मग पेशंटच्या अंगावरची चादर काढत. हात लावण्याआधी सांगत, "भावना, आता मी तपासते हं." नावानं हाक मारत. बारकीला हे फारच नवल वाटलं. आपणही बायांना नावानंच हाक मारतो, पण दवाखान्यातली माणसं असं करतात हे तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावनाला कळा सुरू झाल्या. आत एकच नातेवाईक चालेल, असं सांगितलं गेलं. शकुबाई पदर खोचून उठली. भावना कळ सोसत म्हणाली, "बारकीआजी येऊ देत."

त्यानंतर शकुबाई दीड तास कुणाशी बोलली नाही. हितेशच्या सांगण्याप्रमाणे, त्याच्या जन्मापासून हे पहिल्यांदा झालं.

आत बारकीला हिरवा अंगरखा घातला, डोक्याला टोपी, पायांना पिशव्या. अंगरखा दोघी बारक्या मावतील एवढा होता. ती भावनाच्या उशाशी उभी राहिली, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि डॉक्टरीणबाईंना एक-दोन सूचनाही करून बघितल्या. त्यांनी त्या हसून ऐकून घेतल्या. मुलगा झाला, तीन किलो शंभर. रडलाही जोरात. आणि लगेच, बाळ पुसून होण्याआधीच, नर्सनं भावनाच्या मांडीत एक इंजेक्शन दिलं.

"हे कशाचं?" बारकीनं विचारलं. "ताप तर नाय तिला."

"रक्त जास्त जाऊ नये म्हणून, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाळ झालं की लगेच द्यायचं. पिशवी आवळते."

बारकीनं पुढं काही विचारलं नाही. नंतरचे दिवस ती बाळाला न्हाऊ घालत होती, भावनाचं अंग चोळत होती, पण तोंडातून शब्द नाही. परतताना गाडीतही नाही. शकुबाईला वाटलं, ही घोंगडीसाठी रुसली आहे. तिला ते मौन इतकं जड झालं की मुरबाडला आल्यावर तिनं हितेशला गाडी म्हसाकडे वळवायला लावली आणि घासाघीस न करता चांगली जाड, काळी घोंगडी घेतली. बारकीनं ती मांडीवर घेतली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत बसली.

त्या आठवड्यात रुपाली वाडीत आली. चहा झाला. रुपाली पालुपदाला सुरुवात करणार तोच बारकी म्हणाली, "अंजूला सातवा हाय. कदी न्यायचं ते सांग."

रुपालीनं कप खाली ठेवला. "काय म्हणालात?"

"बहिरी झालीस काय? दवाखान्यात येईल ती. पन माज्या अटी हायत. आणि त्या मी तुला नाय सांगायची. डाक्तरला सांगीन."

सरकारी आरोग्य केंद्रातला डॉक्टर प्रणित हा डोंबिवलीचा, नुकताच शिकून आलेला, एका वर्षासाठी नेमलेला पोरगा. दाढी ठेवली होती, पण ती अजून नीट आली नव्हती. तपासणीच्या दिवशी बाहेर बाकावर बारा बाया होत्या. बारकी त्यांच्याशी थोडं बोलली, मग रांग सोडून अंजूला घेऊन सरळ आत गेली आणि त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसली.

"लगीन झालंय का तुजं?"

"नाही, आजी."

"मग तुला बाळंतपणातलं काय कळतंय?"

"थोडंफार कळतं," प्रणित म्हणाला. "बाकीचं तुम्ही सांगा."

हे उत्तर बारकीला आवडलं, म्हणून तिनं ते आवडल्याचं दाखवलं नाही. तिनं बोलायला सुरुवात केली. कल्याणला पडदा आहे, तुझ्याकडे का नाही? इथं बाई टेबलावर पडली की दारातनं जाणारा-येणारा बघतो. आमच्या बायांना काय लाज नसते? कल्याणला नाव घेऊन बोलतात. इथं 'ए वाडीवाली' म्हणतात, हे तिनं आता बाकावर बसलेल्या बायांकडून ऐकलं होतं. हिचं नाव अंजू आहे. आणि हिची वेळ येईल तेव्हा मी आत राहीन. "कल्याणला मला हिरवा अंगरखा दिला होता," ती म्हणाली. "इथं तो नसला तरी चालंल."

नर्सबाई कोपऱ्यात औषधं लावत होत्या, त्या खाली मान घालून जास्तच लक्षपूर्वक लावायला लागल्या. प्रणितनं डोकं खाजवलं. पडद्याची मागणी त्यानं तीन महिन्यांपूर्वी वर पाठवली होती, आणि ती वरच राहिली होती. "चादर बांधून करतो काहीतरी," तो म्हणाला. "तुम्ही आत राहा. माझा शब्द. आणखी?"

बारकीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "बाळ झाल्यावर मांडीत देतात ती सुई. ती तुज्याकडं हाय का?"

प्रणित उठला. त्यानं फ्रिज उघडला आणि एक काचेची नळी तिच्या तळहातावर ठेवली. करंगळीच्या पेरापेक्षा थोडी मोठी.

"एवढीशी?"

"एवढीशीच."

"सतरा वर्सांमागं होती ही?"

सतरा वर्षांमागं प्रणित शाळेत पाढे म्हणत होता. पण त्याला उत्तर ठाऊक होतं. "होती, आजी. त्याच्याही आधीपासून."

बारकी ती नळी बघत राहिली. ही आजी एका साध्या इंजेक्शनकडे इतका वेळ का बघते आहे, हे त्याला कळलं नाही. दारात उभ्या असलेल्या रुपालीला कळलं, आणि ती बाहेरच्या बायांची नावं पुन्हा एकदा तपासायला निघून गेली.

अंजूचं रक्त तपासलं तर सात निघालं. "बारा हवं, निदान अकरा तरी," प्रणित म्हणाला. "गोळ्या घेतेस ना?" अंजू घेत नव्हती. वाडीत कुणीच घेत नव्हतं. त्या गोळ्यांनी शी काळी होते म्हणून सगळ्या पट्ट्या घराच्या कुडात खोचून ठेवलेल्या होत्या, आणि तसं खोचायला सांगितलं होतं खुद्द बारकीनं. हे तिनं आता सगळ्यांसमोर कबूल केलं, पण असं, की चूक गोळ्यांचीच वाटावी. लोहाचं सलाईन लावायचं ठरलं, एक सोनोग्राफी करायची ठरलं. भावनाच्या पाच सोनोग्राफ्यांना हितेशची गाडी दारातून निघे आणि दारात येई. अंजूच्या एकीला तालुक्याच्या दोन फेऱ्या लागल्या. पहिल्या दिवशी मशीन होतं पण ते चालवणारे डॉक्टर रजेवर होते. दुसऱ्या दिवशी एसटी चुकली, मग टमटम, मग अनंताची जीप. "शकूच्या पोटातल्या सुनेला... नाय, सुनेच्या पोटातल्याला पाच डाव बगितलं," बारकी वैतागून म्हणाली, "आणि हिच्या पोटातल्याला एक डाव बगायला माजे गुडघे गेले." पुढच्या सीटवरून तिनं हे म्हटलं, आणि अनंता खड्डे चुकवत जीप हळू चालवायला लागला.

होळी दोन दिवसांवर आली तेव्हा सकाळी अंजूच्या कमरेत कळ आली. नामा आदल्या संध्याकाळी भट्टीवरून आला होता. तो घाबरून नुसताच आत-बाहेर करत होता. रुपाली निरोप मिळताच चढून आली. बारकीनं अंजूच्या पोटावर हात ठेवला. सगळं सरळ होतं. डोकं खाली, कळा नेमानं. दुपारपर्यंत सुटेल, हे तिच्या हातांना कळलं. अशी बाळंतपणं तिनं चूल पेटती ठेवून केली होती.

"हे तर मी हितंच करीन," ती हळूच म्हणाली.

 रुपालीला माहीत होतं, आता आपण एक शब्द जरी बोललो तरी ही हट्टाला पेटेल. म्हणून ती बोलली नाही. आणि दोन वर्षांतलं तिचं सगळ्यात चांगलं काम बहुधा हेच झालं.

बारकीनं पोटावरचा हात काढून घेतला. मग उठून ओरडली, "नाम्या! बांबू आन!" या वेळी खाली आंबेशेतात खरंच ऐकू गेलं असेल.

म्हसाच्या नव्या घोंगडीची झोळी झाली. चौघांनी ती खांद्यावर घेतली, ओहळाच्या दगडांवर पाय सांभाळत खाली आणली. अॅम्ब्युलन्स घाटाकडे दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, पण अनंता जीप चालू ठेवून उभा होता. त्यानं पुढची सीट पुसून ठेवली होती. बारकी मागं अंजूजवळ बसली.

केंद्रात नेमकी नवी नर्स होती. प्रणित तिला सांगायला विसरला होता आणि आता आत हातमोजे चढवत होता. नर्स दारातच म्हणाली, "आजी, तुम्ही बाहेर बसा."

बारकी आरडाओरडा करेल म्हणून रुपाली पुढं झाली. पण बारकी अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी एकदा बाहेर बसलेली हाय, बाय."

 आतून प्रणित ओरडला, "सिस्टर, त्यांना येऊ द्या, त्यांना येऊ द्या!" आणि दार उघडं राहिलं.

आत फुलाफुलांची चादर दोरीवर टांगली होती. ती प्रणितच्या स्वतःच्या अंथरुणाची होती. खालच्या कडेला चहाचा डाग होता. बारकीनं तो डाग बघितला. तिनं फक्त विचारलं, "ती सुई काडून ठेवलीस का?" नर्सनं ट्रे दाखवला. पुढच्या तासाभरात बारकीनं हे चार वेळा विचारलं आणि नर्सनं चार वेळा दाखवला. चौथ्यांदा तर तिनं विचारायच्या आधीच दाखवला.

दीड वाजता मुलगी झाली. दोन किलो दोनशे. रडली बारीक, पण रडली. नर्सनं अंजूच्या मांडीत सुई दिली. बारकीनं बाळाकडे बघितलंच नाही. ती खालच्या कापडाकडे बघत होती, एकटक, ओठ मिटून. थोड्या वेळानं नर्सनंच तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आजी, थांबलं. सगळं ठीक आहे."

बारकी स्टुलावर बसली. पदर डोळ्यांना लावला. मग नाक ओढून म्हणाली, "लई फिनेल मारता गो तुमी हितं."

बाळ अडीच किलोच्या आतलं म्हणून प्रणितनं छातीशी उघडं धरून ठेवायला सांगितलं. बारकी म्हणाली, हे आमी शेरडाच्या पिल्लालासुद्धा करतो. रुपाली वजनकाटा घेऊन सारखी वाडी चढली, आणि दीड महिन्यानं पोर साडेतीन किलोवर गेली. शकुबाईच्या नातवाच्या लशी कल्याणला गार खोलीत झाल्या. अंजूच्या पोरीची पहिली तारीख हुकली, कारण लस आणणारी गाडी बिघडली होती. बारकी दुसऱ्याच दिवशी खाली जाऊन बसली आणि तिनं लशीसकट नर्सलाच वर आणलं. नर्सनं ओहळ पहिल्यांदाच बघितला. तिची चप्पल तिथंच राहिली.

ज्येष्ठात रुपालीची वही सांगत होती, की वाडीतल्या दोघींचे दिवस ऐन श्रावणात भरतात. श्रावणात त्या ओहळातून झोळी उतरत नाही. बारकी आणि रुपाली दोघी शकुबाईच्या ओटीवर जाऊन बसल्या. बोलणं भावनानंच काढलं: पडवीची खोली रिकामी आहे, शेवटचे पंधरा दिवस दोघींनी इथं राहावं.

"माजं घर म्हंजे काय धर्मशाळा हाय?" शकुबाई कडाडली. हे ती दिवसभर म्हणत राहिली. संध्याकाळी तिनं खोलीतली भाताची कणगी हलवायला माणूस लावला.

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात सावळी आणि बाळी आपापली गाठोडी घेऊन उतरल्या आणि पडवीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसल्या. शकुबाईनं दोघींपुढं ताटं ठेवली, वर लाल गोळी ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सावळीनं गोळी हळूच पदराखाली सरकवली.

"बगितलं मी," शकुबाई म्हणाली. "गिळ. आणि भाकरीबरोबर भाजी नाय घेत ती कशाला गो? तिखट झालीय?"

"नाय, लई बरी झालीय," सावळी पुटपुटली.

"मग घे की! पोट तुजं एकटीचं हाय का?" आणि मागं वळून ती भावनावर ओरडली, "बगत काय उभी ऱ्हायलीस? त्या दुसरीला दूध दे. ती मागायची नाय."